आडतीचा माल आणि आपले खाते

आडत व्यवसायात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक भेद मुद्दाम शिकवावा लागत नाही. शेतकऱ्याचा माल दुकानात उतरतो, थप्पी लागते, सौदा निघतो, काटा होतो, खरेदीदाराच्या गाडीत पोती चढतात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. या साऱ्या वेळात माल आडत्याच्या छपराखाली असतो, गोदामाची किल्ली त्याच्या कमरेला असते, अवकाळी पाऊस आला तर ताडपत्री टाकायला धावणाराही तोच असतो. तरीही हा माल आपला आहे असे त्याला क्षणभरही वाटत नाही. लातूरच्या बाजारातील तूर-सोयाबीन असो की नांदेडच्या मोंढ्यातील हळद असो, सांभाळणे वेगळे आणि मालकी वेगळी, हे दुकानावर बसणारे पोरही चार दिवसांत ओळखते. ज्या आडत्याला परका माल आपला वाटू लागला त्याची पेढी किती दिवस टिकली, हे जुन्या बाजारपेठांना चांगले ठाऊक आहे.

जैन तत्त्वविचारात याच ओळखीला भेदविज्ञान म्हणतात. आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ हा ग्रंथ मुख्यतः याच एका विषयावर उभा आहे. देह, नाव, कुळ, संपत्ती ही सारी जीवाच्या सान्निध्यात आहेत, पण ती जीव नव्हेत. इतकेच काय, मनात उसळणारा क्रोध आणि लोभ हेही त्याचे मूळ स्वरूप नव्हे. जाणणारा आणि पाहणारा जो आहे, तेवढाच खरा ‘स्व’. बाकीचा सगळा माल आडतीचा आहे. प्रवचनात हे ऐकताना श्रोत्याला ते फार उंचावरचे वाटते आणि सभा संपताच तो पादत्राणे शोधू लागतो. वास्तविक व्यापारी श्रावकाला हा विषय इतरांपेक्षा सोपा जायला हवा. पोत्यापोत्याचा भेद ज्याला कळतो त्याला स्वतःच्या बाबतीत तो का कळू नये, हा खरा प्रश्न आहे.

अडचण कोठे येते, याचे एक उदाहरण याच भागातले आणि अगदी अलीकडचे आहे. २०१५ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तूरडाळीचा किरकोळ भाव किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेला होता. ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी तो काळ अनुभवला आहे. पुढच्याच म्हणजे २०१६-१७ च्या हंगामात उदंड पीक आले आणि क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असतानाही बाजारातले दर त्याच्या खाली घसरले. शेतकरी पोळला आणि चढ्या भावाने खरेदी करून बसलेला व्यापारीही पोळला. त्या दोन वर्षांत ओट्यावर झालेली बोलणी आठवून पाहावीत. पहिल्या वर्षीची कमाई ‘माझा अंदाज’ या नावाखाली नोंदली गेली. दुसऱ्या वर्षीचा तोटा आयात, सरकार आणि पाऊस यांच्या नावे पडला. नफा आपल्या खाती आणि तोटा परक्याच्या खाती, अशी खतावणी एखाद्या मुनिमाने केली असती तर शेठजींनी त्याला त्याच संध्याकाळी हिशेब देऊन घरी पाठवले असते. स्वतःच्या मनातला मुनीम मात्र वर्षानुवर्षे अशीच वही लिहीत असतो, आणि त्याची तपासणी कोणी करीत नाही.

ही तपासणी या भूमीला नवी नाही. नवव्या शतकात दख्खनवर राज्य करणारा राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष आपल्या शिलालेखांत ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवतो. लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडला. पण कुळाचे मूळ गाव म्हणून अभिमानाने सांगायचे ते लातूर. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे एक महत्त्वाचे नगर होते. तेथील जलाशय राष्ट्रकूट राजांच्या ‘जगत्तुंग’ या बिरुदाने ओळखला जातो. अल्पवयात गादीवर आलेल्या अमोघवर्षाने इ. स. ८१४ ते ८७८ असे सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केले. इ. स. ८५१ च्या सुमारास अरब व्यापारी सुलेमान याचा जो वृत्तान्त नोंदला गेला, त्यात जगातील चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या जोडीला ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट राजा, बसविला आहे.

अशा माणसाला ‘मी कोण’ हा प्रश्न पडावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ‘आदिपुराण’कार आचार्य जिनसेन यांच्या चरणी नमन केल्यावर आपण पावन झालो असे या राजाला वाटले, अशी नोंद जिनसेनांचे शिष्य गुणभद्र यांनी ‘उत्तरपुराणा’त केली आहे. अमोघवर्ष रीतसर जैन झाला होता की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचे शके ७९३ च्या संजाण ताम्रपटात म्हटले आहे. परंतु त्याने राज्यकारभार एकाहून अधिक वेळा सोडून दिला, असेही त्याच ताम्रपटावरून समजते. त्याच्या नावावर असलेल्या ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ या छोट्या संस्कृत प्रकरणाच्या शेवटी, विवेक जागा झाल्यामुळे राज्य सोडलेल्या राजाची ही रचना आहे, असा उल्लेख येतो. या प्रकरणाची रचनाच प्रश्न आणि उत्तर अशी आहे: स्वतःला विचारायचे आणि स्वतःच सांगायचे. दरबारात ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते, त्याने प्रश्नकर्त्याचे काम आपल्याच अंगावर घेतले होते, असे म्हणावे लागते.

याच राजाच्या काळात दोन ग्रंथ झाले आणि ते दोन्ही व्यापारी घरात असावेत असे आहेत. पहिला महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. अमोघवर्षाच्या राज्याची स्तुती करून सुरू होणाऱ्या या ग्रंथात मुद्दल, मुदत आणि व्याज यांची गणिते आहेत, मुद्दल-व्याज मिसळून आलेली रक्कम वेगळी काढण्याची रीत आहे, भागीदारांमध्ये नफा वाटण्याचे हिशेब आहेत, आणि वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटवले तर कस किती राहील हेही आहे. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या आजच्या मुलांना ही उदाहरणे ओळखीची वाटतील. दुसरा ग्रंथ त्याच परंपरेतील गुणभद्रांचा ‘आत्मानुशासन’. सुमारे २७० श्लोकांच्या या कृतीत, नावाप्रमाणेच, शिस्त लावायची आहे ती दुसऱ्याला नव्हे, स्वतःला. एका आचार्यांनी मिश्र रकमेतून मुद्दल वेगळे काढायला शिकविले आणि दुसऱ्यांनी मिश्र जीवनातून जीव वेगळा काढायला शिकविले. दोन्ही कामे एकाच परंपरेत आणि जवळजवळ एकाच पिढीत झाली, हे आजच्या ‘धर्म वेगळा, धंदा वेगळा’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

आत्मशोधाच्या वाटेत घसरणही असते, आणि तिची सर्वांत प्रामाणिक नोंद एका जैन व्यापाऱ्यानेच करून ठेवली आहे. बनारसीदास हे श्रीमाळ कुळातील, १५८६ मध्ये जौनपूरला जन्मलेले. जवाहीर, कापड असे नाना व्यापार त्यांनी केले. त्यांत यश थोडे आणि बूड अधिक. नऊ अपत्ये झाली, त्यांतले एकही राहिले नाही. ‘समयसारा’वरील सोपी टीका त्यांच्या हाती पडली. निश्चयदृष्टीने आत्मा शुद्धच आहे, एवढे त्यांनी उचलले आणि बाकीचे सोडले. पूजापाठ, व्रत, प्रतिक्रमण सारे निरर्थक वाटू लागले. मित्रमंडळीसह खोली बंद करून, वस्त्रे उतरवून, ‘आम्ही आता मुनी झालो’ असा खेळ करण्यापर्यंत मजल गेली. पुढे पंडित रूपचंद आग्र्याला आले. त्यांच्याजवळ ‘गोम्मटसारा’चे श्रवण झाले आणि गुणस्थानांच्या चढत्या पायऱ्या समजल्यावर बनारसीदासांचे पाऊल जमिनीवर आले.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ या नावाने आपले चरित्र पद्यात लिहिले. भारतीय भाषांतील हे बहुधा पहिले आत्मचरित्र. त्यात कर्जे, फसलेले सौदे, तरुणपणीचे छंद, तो खोलीतला खेळ, सर्व काही आहे. आणि अखेरीस स्वतःचे गुण आणि स्वतःचे दोष यांची वेगवेगळी यादीही आहे. दोन्ही बाजू दाखविणारा असा ताळेबंद फार थोड्या माणसांनी जाहीर केला असेल. आज ध्यानशिबिरातून चार दिवसांत ‘स्वतःची ओळख’ करून घेऊन परतणाऱ्या आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरातील माणसांशी पूर्वीइतक्याच चढ्या आवाजात बोलणाऱ्या साधकांनी हे पुस्तक आधी वाचावे. आत पाहण्याचाही अहंकार होतो, आणि तो पैशाच्या अहंकारापेक्षा उशिरा ओळखू येतो.

मुंबईच्या जवेरी बाजारात व्यवसाय करीत असताना आत्मचिंतनाची वही जवळ ठेवणारे श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) सर्वांच्या परिचयाचे आहेत. १८९६ मध्ये नडियादला त्यांनी एका बैठकीत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ रचले, आणि मोठमोठे सौदे आटोपताच हा माणूस धर्मचिंतनाकडे कसा वळत असे हे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे त्यांच्याऐवजी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडे पाहू.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना संसारात विरक्ती आली ती तोट्यामुळे नव्हे. १९४० मध्ये, न्यायाने मिळविलेल्या आपल्या संपत्तीचा विनियोग धर्म आणि समाजाच्या कामी कसा करावा, हा विचार त्यांनी सुरू केला. पण त्यांनी घाईने एखादी कोनशिला बसविली नाही. देशभर फिरून विद्वानांची मते घेतली, काही लेखी घेतली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांची सभा बोलाविली आणि मग जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना करून तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये जवळजवळ दोन लाखांची आपली सर्व संपत्ती संघाच्या स्वाधीन केली. त्यातूनच ‘जीवराज जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी तिचे संपादन केले. १९५७ च्या जानेवारीत ब्रह्मचारीजींचे समाधिमरण झाले. त्यानंतर या मालेतून जे ग्रंथ बाहेर पडले त्यांत गुणभद्रांचे ‘आत्मानुशासन’ होते, आणि महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ही होता. लत्तलूरच्या राजाच्या काळातील ते दोन ग्रंथ हजार वर्षांनी एका व्यापाऱ्याच्या पैशाने छापले गेले. या दानाला त्यांचे नाव लागले, हे खरे. परंतु नाव लागण्यापूर्वी त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता: हे आपल्याजवळ आहे, पण कोणाचे आहे?

घरोघरी हा प्रश्न विचारण्यासाठी आचार्यांनी वेगळी सोय करून ठेवली आहे. सामायिक म्हणजे दोन घटिका, आजच्या घड्याळाने अठ्ठेचाळीस मिनिटे. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे: आपल्या मर्यादेबाहेर गेलेले पाऊल मागे घेणे. ते दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे असते. रोजकीर्द, पाक्षिक मेळ आणि वार्षिक ताळेबंद यांची सवय असलेल्या समाजाला याहून सोपी रचना कोणती करून द्यायची? व्यवहारात ज्या नोंदीचा पत्ता लागत नाही ती उचंत खात्यात टाकून ठेवतात. चांगला मुनीम ते खाते फार दिवस फुगू देत नाही. मनाच्या वहीत मात्र उचंत खातेच सर्वांत मोठे झालेले असते. भावाशी वाटणीच्या वेळी बोललेला एखादा शब्द, वजनात डोळेझाक केलेला एखादा काटा, गरजूला उचल देताना लावलेला एखादा दर, हे सारे तेथे पडून असते.

आणि प्रतिक्रमणाचे पाठ याबाबतीत मोघम नाहीत. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, ते थेट बाजारातले आहेत: चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, खोटी मापे ठेवणे आणि भेसळ करणे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या सूत्रकाराला आपल्या श्रोत्यांचा व्यवसाय नीट माहीत होता. तरीही आज हा पाठ कसा म्हटला जातो? पर्युषणात किंवा दशलक्षणात सभागृह भरलेले असते, एकजण ध्वनिक्षेपकावरून भरधाव वाचतो, बाकीचे ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणून मोकळे होतात. अतिचारांची यादी संपते आणि एकही अतिचार आपला असल्याचे कोणाला आठवत नाही. मंदिरात असो वा स्थानकात, सैतवाल, खंडेलवाल, ओसवाल कोणीही असो, हा अनुभव फारसा वेगळा नाही. वाचून झालेली यादी म्हणजे तपासणी नव्हे. लेखापरीक्षकाने एकही पावती न पाहता अहवालावर सही करावी, तसा हा प्रकार आहे.

अन्यत्व भावना, म्हणजे ‘हे सारे माझ्याहून अन्य आहे’ हे चिंतन, बारा अनुप्रेक्षांपैकी एक आहे. लातूर जिल्ह्याला तिचा अर्थ एका रात्रीत समजला. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन झाले. दिगंबर घरांतून दशलक्षण पर्वाची सांगता झाली, उपवास झाले. क्षमावणीला अजून अवकाश होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे तज्ज्ञांनी कारण सांगितले ते ऐकण्याजोगे आहे. मराठवाड्याचे वैभव म्हणजे रुंद दगडी भिंतींचा, माळवदाचा वाडा. दगड मातीत बसविलेले, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार आणि पाहणाऱ्याला भारदस्त. त्या रात्री तेच वजन खाली आले. ज्यांच्याकडे वाडा बांधण्याइतके कधी नव्हतेच, अशी पाचटाच्या खोपटात निजलेली माणसे कित्येक ठिकाणी वाचली.

त्या दिवसांत कोणाचे किती गेले याची मोजदाद कोणी करीत बसले नाही. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि वाघोलीत त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मदतीला धावलेल्या बाजारपेठेतील कित्येकांनी त्या आठवड्यात उधारीची वही उघडली नाही. ‘माझे’ या शब्दाची पकड तेव्हा काही काळ सैल झाली होती. ती पुन्हा केव्हा घट्ट झाली, हे ज्याचे त्याने शोधायचे आहे.

भूकंप रोज होत नाही, पण प्रत्येक पेढीवर एक दिवस असा येतोच की किल्ल्या मुलाच्या हाती जातात. साठी उलटलेल्या कित्येक शेठजींना हा दिवस मृत्यूहून जड जातो. सही मुलाची चालते, मोबाईलवर भाव मुलगा पाहतो, हमालसुद्धा आधी त्याच्याकडे जातात. ‘फलाणे शेठ’ ही ओळख चाळीस वर्षे अंगावर होती. ती उतरल्यावर खाली कोण उरले, हे ठाऊक नसते. मग दुकानात जाऊन बसायचे, प्रत्येक सौद्यात सूचना करायची, आणि घरी येऊन मुलगा ऐकत नाही अशी तक्रार करायची. जैन विचारात बहिरात्मा, अंतरात्मा आणि परमात्मा अशा आत्म्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. बाहेरच्यालाच ‘मी’ समजणारा तो बहिरात्मा. गादी सोडल्यावर जो सैरभैर होतो, त्याने इतकी वर्षे ‘मी’ म्हणून काय सांभाळले होते, हे त्या सैरभैरपणातच दिसून येते. म्हणून हे काम साठीनंतर सुरू करायचे नसते. किल्ल्या हातात असतानाच, दिवसातून एकदा, त्या कमरेवरून काढून खुंटीला लावायच्या आणि अठ्ठेचाळीस मिनिटे बसायचे, अशी ही रीत आहे.

श्वेतांबर व्यापारी घरांत दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागण्याची जुनी प्रथा आहे. शालिभद्राची कथा लहान मुलांनाही येते. अमाप वैभवात वाढलेल्या त्या श्रेष्ठिपुत्राला एके दिवशी आईने सांगितले की राजा श्रेणिक आपले नाथ आहेत, खाली येऊन भेट. आपल्यावरही कोणी मालक आहे, हे त्याला त्या क्षणी प्रथम कळले. तेव्हापासून तो अस्वस्थ झाला आणि अखेर सारे सोडून भगवान महावीरांकडे गेला. वहीच्या पानावर त्याची ऋद्धी लिहिली जाते; पुढची ओळ लिहिण्याची प्रथा नाही. येत्या दिवाळीला ज्या घरात आजोबा आणि नातू वहीपूजनाला शेजारी बसतील, त्या घरात नातवाने ‘शालिभद्राचेच नाव का?’ असे विचारले, तर आजोबांना ती कथा शेवटपर्यंत सांगता यावी.